कोन बदलत नाई

गोलवाले सरांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक फुगा असे. त्यावर पेनाने एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा काढायच्या, फुगा फुगवायचा आणि म्हणायचे, "पाहा, माप बदललं. कोन बदलत नाई." गडचिरोलीकडे 'कोण'लाही 'कोन'च म्हणतात. कॉलेजचा शिपाई लगेच म्हणे, "खरं हाय सर, गडचिरोलीतून कोनाची बदली होतच नाई!"

मुलांनो, तिथल्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते, ते गणित. त्यांच्या शोधनिबंधांचे इंग्रजी मी तपासून देई, म्हणून जेवढे कळले तेवढेच सांगते. अनेक मितींच्या गोलांत अधिपृष्ठे असतात, म्हणजे गोलापेक्षा एकच मिती कमी असलेले पृष्ठभाग. मापे बदलली तरी कोन शाबूत राहतील असा गोल ताणायचा, आकसायचा. त्यात जी एकमेकांवर नेमकी बसतात, ती एका घरची. सर अशा एका प्रकारच्या अधिपृष्ठांची सगळी घरे शोधत होते. "एकच घर राह्यलं, बाई," ते म्हणत.

त्या एका घरासाठी परदेशातून वर्षभराचे बोलावणे आले. पण सरांच्या आईची आठवण पुसत चालली होती. सर उंबऱ्याशी आले की आतून विचारणा होई, "कोन?" "मी, माय. तुहा पोरगा." एवढे झाले की मगच ती जेवे.

"एखादी बाई ठेवा आणि जा," मी म्हटले.

"ठेवून पाह्यली. माय दिवसभर दाराकडे पाहून राह्यली. घास नाई घेतला."

नकाराच्या पत्रात त्यांनी 'या वर्षी जमणार नाही' असे लिहिले होते. 'या वर्षी' मी खोडले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच पत्र गेले. तिसऱ्या वर्षी बोलावणे आले नाही, छापील निबंध आला. उरलेले घर दुसऱ्या कोणाला सापडले होते. सरांनी तो स्टाफरूममध्ये उभ्यानेच वाचला. "बरोबर हाय," म्हणाले. मग, "अभिनंदनाचं पत्र तपासून देता का, बाई?" त्या पत्रात मला एकही चूक सापडली नाही.

मी गडचिरोली सोडली तेव्हा सरांची आई जाऊन काही महिने झाले होते. निरोप घ्यायला त्यांच्यासोबत घरापर्यंत गेले. "आता तरी बाहेर पडा," मी म्हटले. त्यांनी कुलूप काढले, दार ढकलले आणि उंबऱ्याशीच थांबले.

"काय झाले?"

"काई नाई. सवय झाली."

ते तसेच उभे राहिले. आयुष्यभर मी मुलांचे उच्चार सुधारले, त्या दिवशी मात्र मागून हळूच विचारले, "कोन?"

"मी, माय," सर म्हणाले आणि आत गेले.