माहेरच्या नावानं बोलणं

माझी धाकटी बहीण हट्ट्याला असते, मी वसमतला. तिचा फोन मुलानं वापरून दिलेला. तिला आलेला प्रत्येक निरोप वारंगा फाट्यावरच्या त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही उघडायचा. मुलगा वाईट नाही, पण तिथं गिऱ्हाईक बसलेलं असतं. त्यामुळं आमचं बोलणं जेवलीस का, हळद शिजली का, एवढ्यावर आलं होतं.

माझी नात कॉम्प्युटर शिकते. दिवाळीत तिनं माझ्या फोनमध्ये वेगळं ॲप टाकलं. "आजी, हे कोण्या कंपनीच्या मालकीचं न्हाई. हे ॲप कसं बनवलंय ते कुणीबी उघडून बघावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं. फोन नंबरबी लागत न्हाई."

"मला त्यातलं काय कळते?"

"तुला न्हाई, पण कळणारे बघून राहिले ना."

ते मला पटलं. नातीला घेऊन हट्ट्याला गेले.

बहीण ऐकेना. "काहून हे नवं खूळ?"

"तुझं बोलणं दुकानात वाजते म्हणून," मी म्हणाले.

नातीनं ॲप टाकलं, त्याला कुलूप घातलं. नाव विचारल्यावर दोघींनी माहेरचं सांगितलं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं, तेव्हापासून माहेरचं कुणी घेतलं नव्हतं. पुढं तिच्या फोनच्या पडद्यावर माझं नाव पाहून तिच्या मुलानं विचारलं, "माय, ही कोण बाई?" सख्ख्या मावशीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं!

मग एक दिवस तिचा आवाजातला निरोप आला. "अक्का, पाळी जाऊन वर्षं झाली अन् आता पुन्हा अंगावर लाल जाऊन राहिलंय. लेकाला कसं सांगू?"

मी तिला नांदेडला नेलं. पिशवी काढावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत.

मुलगा दवाखान्यात माझ्यावर चिडला. "मला काहून न्हाई सांगितलं?"

"गिऱ्हाइकापुढं सांगायचं होतं का?"

नंतर त्यानं स्वतः येऊन नातीकडून बायकोच्या फोनमध्येही ते ॲप टाकून घेतलं.

ज्यांनी हे बनवलं ते कुठले, मला माहीत नाही. त्यांचे उपकार मोठे आहेत. म्हणून बचत गटातल्या बायांच्या मी मागे लागते. कुणी नाक मुरडते, कुणी टाकून घेते.

बहीण आता रोज बोलते. सुनेच्या तक्रारी इतक्या, की फोन बाजूला ठेवावासा वाटतो. ठेवत नाही.