भास्करचा अंगठा

"सुटले हो ते..." फोनवर भास्करची बायको, सुमनवहिनी, एवढंच बोलल्या. धुळ्याच्या कॉलेजात तास संपवून मी नुकताच बाहेर आलो होतो. सुटका हा शब्द त्या घरात आम्ही सगळ्यांनी कितीतरी दिवस टाळला होता. त्या फोनला आता महिना होत आला.

भास्कर मूळचा भडगावचा. आम्ही दोघं एकाच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. त्याचा आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत जायचा. मग हातातला खडू निसटायला लागला, जीभ जड झाली. नसांचा आजार. हातपाय जातील, वाचाही जाईल, डोकं मात्र शाबूत राहील, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. परतताना गाडीत तो म्हणाला, "म्हणजे मला आत ठेवून बाहेरून कडी लावणार..."

मेव्हण्याने परदेशातून आणलेला, प्रोग्राम करता येणारा, आलेख काढणारा कॅल्क्युलेटर त्याच्याकडे होता. बोटं चालत होती तोवर तो त्यालाच भिडला. एकच कळ वापरायची. ठरलेल्या क्षणात दाबली तर एक, नाही दाबली तर शून्य. असे पाच अंक मिळून एक अक्षर. नवा अंक आला की आधीचे एकेक घर डावीकडे सरकत. पाचही जमले की त्या आकड्याचं इंग्रजी अक्षर यंत्रात भरलेल्या मुळाक्षरांच्या ओळीतून उचलून मागच्या अक्षरांना जोडलं जाई, आणि पडद्यावर इंग्रजी लिपीत मराठी शब्द उमटे. "एक अंगठा उरला तरी पुरे," तो अडखळत म्हणाला. पुढे त्याचं तोंडी बोलणं मला उमजेनासंच झालं.

तो खाटेवर खिळला. नातलग येत, त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलत. एका दुपारी त्याचे चुलते, नाना, त्याला मोठ्याने धीर देत होते, तेवढ्यात अंगठा हलू लागला. बऱ्याच वेळाने शब्द पुरे झाले : 'पंखा बंद करा.' मी ते वाचून दाखवलं, तशी लेक बोलला म्हणून त्याची आई रडता रडता हसली. "मना आंडोर बोलना व माय!"

पुढे एकदा त्याने लिहिलं, 'मला बाहेर न्या.' नानांनी मान हलवली. "प्रवासात श्वास अडकला म्हणजे?" अंगठा पुन्हा चालू झाला. 'इथेही अडकतोच.'

वहिनींनी कुणाला न विचारता जीप बोलावली. भडगावला गिरणेच्या काठी मागचं दार उघडं ठेवून आम्ही त्याला निजवलं. अंधार पडेपर्यंत तो नुसता पाण्याकडे बघत होता. कळीला हात लावला नाही. घरी आणून खाटेवर ठेवल्यावर लिहिलं, 'पुन्हा तीच खोली.' वहिनी आत निघून गेल्या...

हिवाळ्यात अंगठाही थांबला. तरी यंत्र आम्ही रोज त्याच्यासमोर मांडायचो. रिकाम्या पडद्यावर पुढच्या अक्षराची जागा दाखवणारी खूण लुकलुकत राही, आणि तो तिच्याकडे टक लावून बघे. आत किती वाक्यं जुळवून ठेवली असतील, कोण जाणे. ती खूण बघवेना, म्हणून मी लवकर उठून यायचो.

परवा वहिनींकडे गेलो होतो. "चहा घेणार ना?" त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हणालो. तरी त्या माझ्या हाताकडे बघत उभ्याच राहिल्या, एखादा शब्द जुळायला लागेल तेवढा वेळ... मग भानावर येऊन आत गेल्या.