लाल बासनांतला चिखलदरा

दामोदरचे जन्मभराचे काम मी माझ्या हातांनी पूर्णा नदीत सोडणार होतो.

आज त्याचे वर्षश्राद्ध. म्हणून हे कबूल करतो.

माझा मित्र दामोदर चिखलदऱ्याच्या एका लॉजवर मॅनेजर होता. सीझन संपला की गावभर हिंडून लोकांनी टाकलेले कागद गोळा करी. लॉजांची रजिस्टरे, स्टुडिओतले फोटो, पाहुण्यांची पत्रे.

मी चिडवीत असे, "अरे, या रद्दीत कसला मोक्ष?"

"मोक्ष तुया तू पाय, पंडित. मले माहं काम करू दे."

निवृत्तीनंतर तो अकोल्यास आला. कागदांना कोणी हात लावू नये म्हणून त्याने ते लाल कापडात, पोथ्यांसारखे बांधून ठेवले. मला सांगायचे मात्र राहून गेले.

तेराव्यानंतर मुलाने विचारले, "काका, बाबाच्या या पोथ्यायचं काय करू?"

मी शास्त्र सांगितले. जीर्ण ग्रंथाला जलसमाधीच द्यावी.

दुसऱ्या दिवशी सारी बासने ऑटोत घालून आम्ही नदीवर गेलो. पहिले बासन मस्तकी लावून मी गुडघाभर पाण्यात उतरलो.

तेवढ्यात काठावरून दामोदरच्या पत्नी शांतावहिनी ओरडल्या, "भाऊजी, थांबा! यायनं जलमात पोथी वाचली नाई. मंग घरात पोथ्या आल्या कुठून? सोडून त पाहा!"

मी गाठ सोडली. लॉजचे रजिस्टर निघाले.

'येण्याचे कारण' या रकान्यात कोणी लिहिले होते 'हवापालट', कोणी 'नवीन लग्न', आणि एकाने 'घरून रुसून'.

मी बासन छातीशी धरून काठावर आलो. एवढे ग्रंथ वाचले, आणि उघडून न पाहता बुडवायला निघालो होतो.

प्रायश्चित्त म्हणून वर्षभर एसटीने अमरावतीला जात राहिलो. तिथल्या एका वाचनालयाने एक खोली दिली. पान न् पान स्कॅन झाले. कॅटलॉग मी स्वहस्ते लिहिला.

आज सकाळी ते दालन उघडले. पाय ठेवायला जागा नव्हती!

चिखलदऱ्याहून आलेली एक वृद्धा एका फोटोपाशी थबकली. कॉफीच्या मळ्यात टोपली घेतलेली तरुणी.

"हे माही माय व्हय," ती म्हणाली. "घरी तिचा एकबी फोटो नाई. कोनं जपला हा?"

वहिनी ताठ उभ्या राहिल्या. "माह्या मालकानं."

सारे दालन टाळ्यांनी दुमदुमले. त्या थांबेनात.

दामोदर, हा गौरव सर्वस्वी तुझा आहे.

तुला साश्रू आणि सगर्व वंदन.