वाणात दिलेली नदी

अधिक महिना पावसाळ्यात आला की सासूची पंचाईत होते. एक तर अनारशाचं पीठ सादळतं, आणि दुसरं म्हणजे जावई जेवायला येतो तो चिंब भिजून. पण त्या वर्षी माझी जी पंचाईत झाली ती वेगळीच होती. त्या वर्षी माझ्या मुलानं जावयाला वाणात नदी दिली.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी काहीबाही बोलून राह्यली. अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, आणि ताटात अनारसे, त्यावर दिवा, सोबत कपडा नाहीतर एखादं चांदीचं भांडं, असं वाण जावयाच्या हातात द्यायचं. त्या महिन्यात जावई म्हणजे देव. आता देव कधी म्हणतो का, हा नैवेद्य मला नको? तसंच जावयाचं. वाण परत करायची सोयच नाही त्याला.

आमचं हिंगणघाटला कापडाचं दुकान. कापडवाल्यानं जावयाला कापड दिलं तर त्यात काय दिलं? म्हणून मुलगा म्हणाला, "आई, औंदा जिजाजीले येगळं काही देऊ. शनिवार-रविवार राफ्टिंगले नेतो."

"थे काय असते?"

"रबराची मोठी नाव असते. पावसाळ्यात नदी जोरात आली का तिच्यात बसाचं अन् वल्हे मारत खाली जायचं. पचमढीच्या वाटेवर एक नदी आहे, तिथं नेतात. वरून धरणाचं पानी सोडलं का नाव टाकतात."

"पानी सोडल्यावर? मुद्दाम?"

"मुद्दाम! त्यातच तं मजा आहे."

मी वेणा नदीच्या काठावर नांदलेली बाई. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की आमच्याकडे भोंगा लावलेली जीप फिरते, नदीकाठी जाऊ नका म्हणून. लोक गुरं सोडतात, पोरांना हाका मारतात. पाणी आलं की नदीतून बाहेर निघायचं, एवढंच मी जन्मभर शिकले. आणि इथं माणसं पाणी यायची वाट पाहून आत उतरणार होती. पण मुलानं इतक्या हौसेनं ठरवलेलं. लेकीला फोनवर सांगितलं तर ती तिकडे नाचलीच असेल. "माय वं, मले किती वर्षांपासून जायचं होतं!" मी अनारशाचं पीठ काढायला उठले.

गुरुवारी संध्याकाळी लेक आणि जावई आले. जावई आंजी गावच्या शाळेत शिकवतात. बोलणं कमी, हसणं मनापासून. मला मामी म्हणतात; आमच्याकडे सासूला तसंच म्हणायची रीत. चहा झाला न झाला तोच मुलानं टीव्हीवर राफ्टिंग लावलं. पांढरं फेसाळ पाणी, त्यात ती नाव कागदासारखी वर उडते, खाली आपटते. एक नाव तर उलटलीच. पिवळ्या टोप्या घातलेली डोकी पाण्यावर इकडं तिकडं वाहायला लागली. लेक टाळ्या पिटत होती.

मुलानं दाखवायला म्हणून पाण्यावर तरंगायचं एक जॅकेट विकतच आणलं होतं. जावयांनी ते मांडीवर घेतलं. बक्कल लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"हे सुटत तं नाई नं मधात?"

"सुटलं तं सुटलं! पोहत काठ गाठाचा, जिजाजी."

सगळे हसले. जावई पण हसले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, "अन् उतरावं लागते का पान्यात? का नावेतच बसून राहाचं?"

"उतराचं काय, उडी माराची! शेवटी सगळ्याइले उडी मारायले लावतात."

"वा," जावई म्हणाले. "मस्त." आणि बक्कल पुन्हा टक् करून लावलं.

पावसानं उघडीप दिली तसे आम्ही पुलावर गेलो. वेणा फुगली की अर्धं हिंगणघाट पूर पाहायला पुलावर असतं. कुणी भजी खातो, कुणी मोबाइलवर फोटो काढतो. लेक कठड्याशी जाऊन ओरडली, "या नं इकडं, अख्खं झाड वाहून चाललं!"

"दिसते इथूनच," जावई म्हणाले.

ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. मागून स्कूटरवाले हॉर्न मारत होते, तरी कठड्याकडे एक पाऊल सरकले नाहीत. मी आपली माझी मिटलेली छत्री त्यांच्या हातात दिली, जरा धरा म्हणून. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. पाटावर आंघोळीला बसवलेलं लेकरू पहिला तांब्या अंगावर यायच्या आधी आईचं मनगट धरतं ना, तशी. मी किती लेकरं न्हाऊ घातलीत. मला आणखी काही सांगावं लागलं नाही.

मग माझ्या जिवाला घोर लागला. बोलायचं कसं? सासूनं जावयाला विचारायचं, बापू, तुम्हाला भेव वाटते का? तेही धोंड्याच्या महिन्यात, मेव्हण्यासमोर? आणि लेकीला सांगावं तर ती सरळ तोंडावर विचारणार, तिचा स्वभावच तसा. आमच्या ह्यांना सांगितलं तर पेपरातून मान न काढता म्हणाले, "पुरुष माणूस आहे, सांगन का नाई स्वतः?" सांगणार नाही म्हणून तर घोर!

शुक्रवारी सकाळी मुलगा दुकानात गेला आणि मी त्या राफ्टिंगवाल्याला फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलला, आवाज तरणा.

"भैया, किसीको तैरना नहीं आता तो?"

"कोई बात नहीं माताजी, जैकेट है, रस्सी है, हमारे लोग हैं. सब आराम से हो जाता है."

"और कोई डरता हो तो?"

तो म्हणाला, "जो बहुत डरता है उसको मत बिठाना, माताजी. डरा हुआ आदमी बगलवाले को पकड़ लेता है. फिर दोनों को निकालना मुश्किल होता है."

फोन ठेवला आणि मी ओट्याशी तशीच उभी राहिले. बगलेत कोण बसणार होतं? माझी लेकच.

दुपारी धोंड्याचं जेवण. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, म्हणून मुलाची एकीकडे घाई चाललेली: गाडीत पेट्रोल, टॉवेल, मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी. जावई पाटावर बसलेले. धोंडे मी साजूक तुपात बुडवून वाढले, तर त्यांनी अर्धा तुकडा मोडला आणि ताटाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवला. मी मनाशी ठरवलेलं बोलून टाकलं.

"मी बी येते म्हन्ते तुमच्यासंगं. पाहीन तरी काय असते थे. नावेत नाई बसत, पन मले एकटीले काठावर भेव वाटन. जवाईबापू बसतीन माह्याजवळ."

जावयांनी मान वर केली. इतकं हलकं झालेलं तोंड मी त्या दोन दिवसांत पाहिलं नव्हतं. "हो, हो मामी, मी बसतो नं—"

"काही बी काय!" मुलगा उसळला. "ज्याचं वाण तोच काठावर बसन? आई, तुह्याजवळ ड्रायव्हरले बसवतो."

"नाईतं तू घरीच राय नं," लेक म्हणाली. "त्याइचा कशाले बेत बिघडवतं?"

मी तोंड उघडायच्या आधीच जावई म्हणाले, "बरोबर आहे. जातो मी नावेत. मामीजवळ ड्रायव्हर राहीन." आणि पाण्याचा पेला उचलला.

म्हणजे माझ्या युक्तीनं गाठ आणखी आवळली. आता तर ते सगळ्यांसमोर हो म्हणून बसले. मी वाटीत तूप वाढत होते, त्या वाढण्याच्या ओघातच, कुणाकडे न पाहता म्हटलं, "सकाळी त्या नाववाल्यासंगं बोलली मी. लय भला मानूस. म्हने, जॅकेट असते, दोरी असते, पोहता नाई आलं तरी चालते. फक्त भेनाऱ्या मानसाले बसवू नोका म्हने. थो बाजूच्याले धरते, मंग दोघाइले काढनं कठीन."

लेक म्हणाली, "आपल्यात कोन भेते?"

बाहेर पन्हाळीचं पाणी बादलीत पडत होतं. जावयांनी लेकीकडे पाहिलं, मग ताटाकडे. पेला खाली ठेवला.

"मंग मी नाई बसत," ते म्हणाले. "मले पान्याचं भेव वाटते."

"कधीपासून?" लेकीचा आवाज चढला.

"पहिल्यापासून."

"अन् मले आज माहीत होऊन राह्यलं? काल सांगितलं काऊन नाई? नाव उलटली असती अन् तुमी मले धरलं असतं, तं?"

"तेच तं आता समजलं," ते म्हणाले. "माह्या एकट्याचं असतं तं गेलो असतो. वाण आहे, नाई कसं म्हनाचं?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं की कशानं, मला कळलं नाही. मुलगा हातातली प्लास्टिकची पिशवी धरून दारात तसाच उभा. मग ह्यांनी, ज्यांचं लक्षच नाही असं मला वाटत होतं, पुरणाचा घास गिळून सांगितलं, "मले बी भेव वाटते. नदीच्या काठावर जन्मलो, पन घोट्याच्या वर कधी गेलो नाई. म्हनून तं कापड इकत बसलो जिंदगीभर."

"बाबा, तुमी?" मुलगा म्हणाला.

"मी. अन् मले तं कोनी वाण बी देत नाई."

तेव्हा कुठं लेक हसली, नाक पुसत. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मंग आता वाणाचं काय करू, जिजाजी?"

"बदलून नाई देत का दुकानात?" जावई म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी धोंडा पूर्ण खाल्ला. आणखी मागितला.

शनिवारी आम्ही गेलो. बेत मोडला नाही, फक्त काठावरची माणसं ठरली. लेक आणि मुलगा नावेत बसले, मी छत्री घेऊन दगडावर, आणि जावई माझ्याजवळ लेकीची चप्पल, टॉवेल, मंगळसूत्र रुमालात बांधून. वरून पाणी आलं, नदीचा आवाज बदलला, आणि ती पिवळ्या टोप्यांची नाव वळणाआड गेली. मी देवाचं नाव घेत होते. जावई त्या वळणाकडे पाहत होते. नाव कुठं निघणार ते त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. "चला मामी," म्हणाले आणि माझा हात धरून काठाकाठानं मला खाली नेलं.

नाव आली तेव्हा दोघंही आत होती. भिजलेली, ओरडत होती. लेकीनं शेवटची उडी मारलीच, आणि जॅकेटवर तरंगत काठाशी आली. गाइडनं दोरी टाकली, तिचं टोक कुणीतरी दगडांआड पाण्यात उतरून धरायला हवं होतं. मी पाहिलं तर शेजारी जावई नव्हते.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा लेक टॉवेल गुंडाळून सगळं पुन्हा पुन्हा सांगत होती. जावई गाडीच्या दाराशी बसून बूट काढत होते. एकेक करून त्यांनी ते उलटे केले, आणि त्यातून नदीचं पाणी रस्त्यावर सांडलं. मोजे पिळताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगू नोका, मामी," ते हळूच म्हणाले. "नाईतं पुढच्या धोंड्याले मले नावेत बसवतीन."