गरिबी बघायला आलेले पाहुणे

बुरुलकान म्हणजे किर्गिझस्तानातल्या एका गावची पाण्याची बाई. सोव्हिएत काळात पंपघर तिच्या ताब्यात होतं; पहाटे ती पंप सुरू करायची आणि दीडशे घरांच्या नळांना पाणी यायचं. पुढे राज्य बदललं, पंप भंगारात गेला, नळ गंजले. बाई मात्र वीस वर्षं अर्ज घेऊन फिरतेच आहे. सरकारकडे जावं, तर सरकार म्हणतं पैसा परदेशातून येईल. परदेशी संस्थेकडे जावं, तर ती म्हणते आधी सरकारचा वाटा दाखवा. या टोलवाटोलवीत गाव पाटाचं गढूळ पाणी पितं, आणि दर पानगळीत पोरांना कावीळ होते. गेल्या वर्षी तिची नात आयझिरेक दीड महिना अंथरुणाला खिळून होती.

यंदा मात्र संस्थेची माणसं स्वतः येणार होती. नारिन शहरातल्या सरकारी कचेरीतल्या बाकित नावाच्या कारकुनाने आधीच फोन केला. तो तिला मानाने एजे, म्हणजे ताई, म्हणायचा.

"एजे, गावं दहा आणि पैसा तीन गावांपुरता. सगळ्यात गरीब कोण ते बघणारेत. जरा गरीब दिसा!"

"दिसा काय? आहोतच की आम्ही."

"मग तसेच राहा. चहा-पाव द्या, बास."

तिने हे गावच्या बैठकीत सांगितलं, तर गावचे अक्साकाल, म्हणजे सगळ्यात वडीलधारे, ऐंशी वर्षांचे मुराताली भडकलेच.

"माझ्या बापानं दुष्काळातसुद्धा पाहुण्याला नुसत्या चहावर बोळवलं नाही. मी बोळवू? शेजारचं गाव थुंकेल ना तोंडावर!"

"अक्साकाल, नळ हवाय ना आपल्याला?"

"हवाय. म्हणून काय पाहुण्याला उपाशी ठेवायचं?"

बुरुलकान मेजवानीची यादी करायला बसली. खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं.

मग काय विचारता! घरोघरचे लोकरी नमद्याचे गालिचे एका घरात अंथरले गेले. मेंढी कापली, तिचं डोकं मानाने मुख्य पाहुणीपुढे ठेवलं. लोणी, जर्दाळूचा मुरंबा, कणकेचे तळलेले बोरसोक. बायकांच्या डोक्याला ठेवणीतले रेशमी रुमाल. आणि पाहुण्यांना पाटाचं पाणी कोण पाजणार? दोघे घोड्यावरून सात कोसांवरच्या झऱ्याचं पाणी घेऊन आले.

पाहुणी पेला संपवून हसली. दुभाष्याने सांगितलं, "मॅडम म्हणतात, पाणी फार गोड आहे तुमचं."

"घ्या ना, आणखी घ्या!" बुरुलकान म्हणाली. तिची छाती फुगली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे समोरच्याने सव्वा लाख खरेच धरले.

दोन महिन्यांनी बाकित पत्र घेऊन आला. त्याला तिच्याकडे बघवेना. गाव खाऊनपिऊन सुखी, पाणी चांगलं, अनुदानाची गरज नाही. हवं तर कर्जासाठी अर्ज करावा. पुढची पाहणी चार वर्षांनी.

"एजे, काय करून बसलात हे?"

बैठकीत तिनेच पत्र वाचलं.  मुराताली मान खाली घालून म्हणाले, "पुढच्या वेळी मेंढी नको कापायला."

"मग वाढायचं काय त्यांना?" मागून एका बाईने विचारलं.

सगळे बुरुलकानकडे बघू लागले.  चार वर्षांनी ती माणसं दारात उभी राहिली, तर आपणच पुन्हा घोडा झऱ्याकडे पाठवू, हे तिला कळून चुकलं होतं. ती सगळ्यांसमोर रडायला लागली.