चेंडू कुठे पडला, ते मी सांगायची

सप्टेंबरात ह्यांनी ठरवलं, आता गोल्फच्या सहलीला जायचंच. ह्यांच्या डोळ्यांचा मागचा पडदा दोन वर्षांपासून झिजतोय. समोरच्याचा चेहरा पुसल्यासारखा दिसतो, कडेचं तेवढं दिसतं. गाडी चालवायची की नाही, ते डॉक्टर पंधरा दिवसांनी सांगणार होते. त्याआधी ह्यांनी स्वतःचीच परीक्षा काढली: "मारलेला चेंडू कुठे पडतो ते दिसतंय, तोवर गाडी सोडणार नाही." न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरला गाडी गेली की माणूस घरात कोंडलाच.

मी मॅट्रिक शिकलेली बाई, गोल्फ मला कळत नाही. मी बॅग ओढते आणि चेंडूवर लक्ष ठेवते.

पहिला मुक्काम दक्षिण जर्सीतलं, माळरानावरचं गोल्फचं मैदान. वाळू, खुरटी पाइनची झाडं, घोटे ओरबाडणारी तांबूस झुडपं. नाव कुणी ऐकलेलं नसतं, म्हणून गर्दी नाही. दुपारी तीननंतर दर उतरतो, मैदानात फिरायची छोटी गाडी, कार्ट, न घेता चालत खेळलं तर आणखी कमी. गोचिडी फार आहेत, पॅन्ट मोज्यात खोचाच.

तिसऱ्या होलला ह्यांनी विचारलं, "डावीकडे, वाळूच्या अलीकडे ना?"

चेंडू उजवीकडे झुडपात गेला होता. "हो, अगदी तिथेच," मी म्हणाले. पुढे जाऊन खिशातला एक जुना चेंडू वाळूजवळ टाकला. मला झुडपांत असे पुष्कळ सापडतात, घरी नेऊन धुऊन ठेवते. ह्यांचा चेहरा इतका खुलला, की संध्याकाळपर्यंत मी तेच करत राहिले.

दुसऱ्या दिवशी समुद्रात शिरलेल्या केप कॉडला, सहा तास. गाडी हेच चालवत होते. कनेटिकटमध्ये एक ट्रक कर्कश भोंगा वाजवत अंगावरूनच गेल्यासारखा गेला.

"कसा चालवतो बघ मूर्ख!" हे म्हणाले.

"हो ना," म्हटलं आणि रामरक्षा सुरू केली.

तिसऱ्या दिवशी केपच्या टोकाला, दीपगृहाजवळचं नऊ होलचं जुनं मैदान. एक झाड नाही, खाली समुद्र, वारा उभं राहू देत नाही. वेळ फोनवर आधी घ्या, कानटोपी न्या. त्या दिवशी संकष्टी होती, थर्मासात साबुदाण्याची खिचडी नेली होती. आमच्याबरोबर बॉब नावाचे एक आजोबा खेळायला जोडून दिले होते.

"तुमच्या बायकोची नजर भारी आहे, एकही चेंडू हरवत नाही," ते म्हणाले.

"तिच्या जिवावरच चाललंय," हे हसले.

पाचव्या होलला ह्यांनी हिरवळीवरचा चेंडू पुसायला उचलला. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हा माझा नाही. माझ्या चेंडूंवर तू नेलपॉलिशचे ठिपके देतेस, ते हाताला लागतात."

मी खिशातले उरलेले जुने चेंडू बाहेर काढले.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"आणि काल तो ट्रक?"

"अहो... तुम्हीच त्याच्या पट्ट्यात शिरला होतात."

ह्यांनी बॉबना सांगितलं, माझं स्कोअर कार्ड फाडा, खोटं आहे. मग समुद्राकडे तोंड करून बाकावर बसले. "तू शेजारी बसून 'हो ना' म्हणालीस. रस्त्यात कुणाचं पोर आलं असतं तर?"

मी देवाधर्माची बाई, उपास धरून खोटं बोलत होते.

ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. हायवेवर मी कधी चालवली नव्हती. उजवा, सावकाश गाड्यांचा पट्टा धरून, दर तासाला थांबत, नऊ तासांत घरी आलो. वाटेत हे फक्त एकदा बोलले, "सिग्नल दे."

गाडी सोडा, हेच डॉक्टरांनीही सांगितलं. ह्यांनी लायसन्स सरकारला परत केलं.

मैदानं दोन्ही चांगली आहेत, परवडणारी आहेत, जरूर जा. समुद्र कसा होता म्हणून लोक विचारतात. मला आठवतो तो ह्यांचा फिरणारा अंगठा.

आता भाजीला गाडी मीच नेते. हे शेजारी बसतात, मान तिरकी करून विचारतात, "समोर काय आहे?"

"लाल सिग्नल. म्हातारी बाई रस्ता ओलांडतेय. थांबलेय मी."

"बरं," म्हणतात.