पेनी परत आली

आमच्या ओहायोतल्या गावात शाळेची बस चालवून निवृत्त झालेली वर्ना एका संस्थेसाठी मदतनीस कुत्र्यांची पिल्लं हौसेनं वाढवायची. दीड वर्ष शिकवायची, मग गरजूंना द्यायची. तिची पेनी नऊ वर्षांच्या टेसाकडे गेली. टेसाला फिट आली की पेनी भुंकून तिच्या आईला, जोलीनला, बोलवायची.

मार्चमध्ये पेनी भुंकली, जोलीन धावली, तरी टेसा वाचली नाही.

पंधरा दिवसांनी जोलीन पेनीला घेऊन वर्नाच्या दारात उभी राहिली.

“ही अजून तिच्या पलंगापाशी जाऊन भुंकते गं. आणि मी दर वेळी धावत जाते.”

वर्नानं पट्टा हातात घेतला. “राहू दे माझ्याकडे. वाटेल तेव्हा ये भेटायला.”

जोलीन कधीच आली नाही. संस्थेनं नवं पिल्लू देऊ केलं, तेव्हा वर्ना “नको” म्हणाली.